टो रोप सारखा तुटतो, हुक उपटतो, गाडी तिथेच: रिकव्हरीच्या सामानात नेमकं कुठे अडतंय

जून लागला की पुण्या-मुंबईच्या आसपास हाच प्रॉब्लेम परत परत ऐकू येतो. ताम्हिणीच्या अलीकडे, वेल्ह्याच्या आतल्या कच्च्या रस्त्यावर, जुन्नरच्या पठारांवर, कुठेतरी चिखलात गाडी बसते, सोबतच्या गाडीतून टो रोप निघतो, दोन झटके मारले की रोप तुटतो. मग पुढच्या ट्रिपला जास्त टनांचा रोप घेतला जातो, तो तुटत नाही, पण आता हुक वाकतो किंवा बंपर हातात येतो. आणि त्याच्या पुढच्या वेळी कोणीतरी म्हणतं की विंचच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत गाडी ओढणारं यंत्रच, बसवून टाकू. सामान वाढत जातं, खर्च वाढत जातो, आणि गाडी मात्र शेवटी गावातल्या ट्रॅक्टरनेच निघते.

माझं म्हणणं एवढंच आहे की बहुतेक वेळा दोर कमजोर म्हणून तुटत नाही, फावड्याचं काम दोराकडून करून घेतलं म्हणून तुटतो. त्यामुळे नवीन काही घ्यायच्या आधी तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते बघा, कारण रोप तुटणं, हुक निघणं आणि काहीच न तुटता गाडी जागची न हलणं या तिन्हीची कारणं वेगळी आहेत आणि इलाजही वेगळे आहेत.

रोप तुटतो

आधी तो रोप कसला आहे ते बघा. दुकानात टो रोप म्हणून जो पिवळा किंवा केशरी पट्टा मिळतो, दोन्ही टोकांना लोखंडी हुक शिवलेले, तो बहुतेक पॉलिस्टरचा असतो आणि जवळपास ताणलाच जात नाही. बंद पडलेली गाडी डांबरी रस्त्यावरून हळूहळू ओढत गॅरेजपर्यंत न्यायची, यासाठी तो बनलाय. त्याने झटका मारायचा नसतो. पण चिखलात आपण नेमकं तेच करतो, दोर ढिला सोडायचा, पुढची गाडी पळवायची आणि खाडकन ताण आला की रुतलेली गाडी बाहेर पडेल अशी आशा करायची.

थोडं गणित मांडतो, कारण ते एकदा डोक्यात बसलं की दुकानदाराला काय विचारायचं ते आपोआप कळतं. समजा पावणेदोन टनांची गाडी, म्हणजे साधारण थारच्या वजनाची, ताशी १० किमी वेगाने निघाली आणि दोराच्या टोकाला पोचली. तिच्यात साधारण ६,७५० ज्यूल ऊर्जा असते. चार मीटरचा न ताणणारा पट्टा फार तर २० सेंटीमीटर ताणला जाईल, म्हणजे ती सगळी ऊर्जा वीतभर अंतरात संपवायची आहे, आणि त्या शेवटच्या क्षणी दोरावर जवळजवळ सात टनांचा ताण येतो. पाच टन लिहिलेला पट्टा तिथेच संपला. तीच गाडी, तोच वेग, पण मध्ये नायलॉनचा नऊ मीटरचा पट्टा असेल तर तो अर्धा-पाऊण मीटर ताणला जातो आणि सगळ्यात जास्त ताण येतो सव्वादोन ते अडीच टन. शिवाय तो ताण एका क्षणात संपत नाही, दोर परत आखडताना रुतलेल्या गाडीला ओढत राहतो. म्हणून चिखलातल्या ओढण्याला ताणला जाणारा दोर लागतो, स्नॅच स्ट्रॅप किंवा कायनेटिक रोप. स्ट्रॅप साधारण २० टक्क्यांपर्यंत ताणला जातो, विणलेला गोल कायनेटिक रोप ३० टक्क्यांपर्यंत. दोन्ही नायलॉनचे आणि दोन्हींच्या टोकाला फासा असतो, हुक नसतो. टोकाला शिवलेला लोखंडी हुक दिसला की तो पट्टा रिकव्हरीसाठी घेऊच नका.

आता किती टनांचा घ्यायचा. इथे सगळे जास्तीत जास्त मोठ्याच्या मागे लागतात आणि तिथेच परत फसतात. नियम असा आहे की दोन गाड्यांपैकी जी हलकी आहे तिच्या भरलेल्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट तुटायची क्षमता असलेला दोर. भरलेली जिमनी दीड टनांच्या आसपास जाते, तिला साडेचार-पाच टनांचा दोर पुरतो. थारला साडेपाच-सहा, फॉर्च्युनरसारख्या जड गाडीला आठ. जिमनीवाल्याने चौदा टनांचा रोप घेतला तर जिमनीच्या वजनाने तो धड ताणलाच जाणार नाही, म्हणजे पैसे कायनेटिकचे दिले आणि काम परत साध्या पट्ट्याचंच झालं. ग्रुपमध्ये सगळ्या प्रकारच्या गाड्या असतील तर दोर सुद्धा दोन असू द्या, ते बरं पडतं.

चांगला नायलॉनचा दोर असूनही तुटत असेल तर वापरण्यात काहीतरी होतंय. गाठ मारली की दोराची ताकद जवळपास निम्मी होते, त्यामुळे तुटलेला पट्टा गाठ मारून परत वापरू नका. भिजलं की नायलॉन थोडा कमजोर होतो आणि आपल्याकडे तर तो कायम भिजलेलाच असतो, तेवढी सूट धरून चाला. सलग झटके मारले की दोर तापतो आणि त्याचा ताणायचा गुण कमी होत जातो, मध्ये काही मिनिटं सोडून द्यायला हवा. आणि ट्रिपवरून आल्यावर चिखल भरलेला पट्टा तसाच डिकीत कोंबला तर मातीचे आणि रेतीचे कण आतल्या धाग्यात शिरून तो आतून कापत राहतात, वरून काही दिसत नाही. साध्या पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायचा, उन्हात टांगायचा नाही. कडेला कापलेला किंवा शिवण उसवलेली दिसली की तो दोर ओढायच्या कामातून बाद.

रोप टिकतो, पण हुक किंवा बंपर निघतो

हा सगळ्यात धोक्याचा प्रकार आहे आणि मला यावरच जास्त बोलायचंय. दोर मोठा घेतला आणि बाकी काही बदललं नाही तर तुटायची जागा फक्त पुढे सरकते. दोर, शॅकल (दोर गाडीला जोडणारी पिनवाली कडी), गाडीवरचा दोर अडकवायचा पॉइंट, त्या पॉइंटचे बोल्ट, यातलं जे सगळ्यात कमजोर ते आधी जाणार. आणि नायलॉनचा पट्टा अधेमधे तुटला तर तो फटका मारतो खरा, पण लोखंडी हुक उपटला तर ताणलेल्या दोराने फेकलेलं ते लोखंड काचेतून आत येतं. माणसं यात मेली आहेत. ऑस्ट्रेलियात टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, पट्टा अडकवून ओढताना गोळा तुटून मृत्यू झालेत आणि तिकडे आता हे पहिल्या धड्यातच शिकवतात की टो बॉलला काहीही अडकवायचं नाही. आपल्याकडे टो बॉल कमी दिसतात, पण त्याचे भाऊबंद भरपूर आहेत.

पहिला भाऊबंद म्हणजे कंपनीच्या टूलकिटमध्ये येणारा फिरवून बसवायचा टो आय. क्रेटा, सेल्टॉस, ब्रेझासारख्या मोनोकॉक गाड्यांना, म्हणजे ज्यांना खाली वेगळी लोखंडी चॅसी नसते त्यांना, हाच असतो, बंपरवरचं छोटं झाकण काढून आत फिरवायचा. तो सरळ रेषेत हळू टो करण्यासाठी आहे, झटक्यासाठी नाही, आणि तिरकं ओढलं की वाकतो. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून बसतो, तो अर्धवट बसवून ओढलं तर आट्यासकट बाहेर येतो. दुसरा म्हणजे गाडीखाली दिसणारी पातळ कडी, जी ट्रकवर किंवा जहाजावर गाडी बांधून ठेवायला दिलेली असते. दिसायला हुकसारखीच दिसते म्हणून लोक अडकवतात. आणि तिसरं म्हणजे बाहेरून बसवलेला शोभेचा लाल हुक, जो कुठल्यातरी पत्र्याला दोन बोल्टवर उभा असतो. याशिवाय अ‍ॅक्सल, सस्पेन्शनचा आर्म, स्टिअरिंगचा रॉड, बंपरचा पाइप, यातल्या कशालाही दोर लावायचा नाही, कितीही घाई असली तरी.

मग लावायचा कुठे, तर थार, जिमनी, गुरखा, स्कॉर्पिओ, बोलेरो, फॉर्च्युनर या चॅसीवाल्या गाड्या आहेत, त्यांच्या चॅसीला बोल्ट केलेला पॉइंट पाहिजे. मॅन्युअल उघडून बघा कंपनीने कोणता पॉइंट कशासाठी दिलाय. नसेल तर चॅसीवर बसणारा, क्षमता लिहिलेला रिकव्हरी पॉइंट घ्या, हाय टेन्साइल बोल्टने बसवून घ्या आणि खाली वाकून स्वतः बघा तो कशाला धरलाय. शक्यतो पुढे दोन, मागे दोन. दोन पॉइंट असतील तर एका बाजूवर सगळा ताण न देता मध्ये एक छोटा पट्टा घालून तो दोन्हीकडे वाटता येतो. गाडीच्या सामानात पहिला खर्च कशावर करायचा असेल तर यावर करा, दोर त्यानंतर.

मोनोकॉक गाडी असेल तर स्पष्टच सांगतो, कायनेटिक रोप घेऊ नका. त्या गाडीला झटका सहन करणारी जागाच नाहीये. तुमच्यासाठी फावडं, टायरमधली हवा कमी करणं, ट्रॅक बोर्ड (चाकाखाली घालायच्या दातेरी फळ्या) आणि अगदीच लागलं तर सरळ रेषेत, दोर आधी ताणून घेऊन, हळू ओढणं. यात काही कमीपणा नाही, हलकी गाडी एवढ्याने बऱ्याचदा निघतेच.

शॅकलबद्दल. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा चकचकीत डी शॅकल, ज्यावर काहीही लिहिलेलं नाही, तो घंटा टांगायला चांगला, गाडी ओढायला नाही. क्रेन आणि लिफ्टिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात जा, मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजूला, पुण्यात बोहरी आळीत विचारत गेलात तरी पत्ता लागेल, आणि बो शॅकल मागा. अंगावर डब्ल्यूएलएल किंवा एसडब्ल्यूएल आणि पुढे टनांचा आकडा उठवलेला पाहिजे. १९ मिलिमीटरचा, ४.७५ टनांचा बो शॅकल आपल्या बहुतेक गाड्यांना बरोबर बसतो. हा आकडा रोज वापरायच्या वजनाचा आहे, तुटायचा नाही, चांगल्या दर्जाच्या शॅकलचा तुटायचा आकडा याच्या कितीतरी पट वर असतो. पट्ट्यावर मात्र जो आकडा लिहितात तो बहुतेक तुटायचाच असतो, म्हणून शॅकलचे ४.७५ आणि पट्ट्याचे ८ यांची सरळ तुलना करू नका. पिन हाताने पूर्ण बसवायची आणि पाव आटा मागे घ्यायची, नाहीतर ताण आल्यावर ती जाम होते आणि नंतर पान्ह्यानेही हलत नाही.

जमत असेल तर सॉफ्ट शॅकल घ्या, तोच विणलेल्या दोरीचा. वजनाला अगदी हलका, आणि काही तुटलंच तर तो लोखंडासारखा उडत येत नाही. फक्त धारदार कडेवर लावायचा नाही, कापला जातो.

आणि दोन पट्टे जोडायची वेळ आली तर मध्ये लोखंडी शॅकल कधीही नको. एकाचा फासा दुसऱ्याच्या फाशातून काढून ओवायचा, मध्ये वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी नाहीतर एखादी काठी सरकवायची म्हणजे नंतर सुटायला त्रास होत नाही.

काहीच तुटत नाही, पण गाडी हलतही नाही

इथे बहुतेक वेळा ओढणारी गाडीच आपल्या जागी खड्डा खणायला लागते आणि थोड्या वेळात दोन गाड्या रुतलेल्या असतात.

रुतलेली गाडी किती ताकद मागते याचा एक जुना अंदाज आहे, लष्करी रिकव्हरीत वापरतात. चिखल चाकाच्या हबपर्यंत, म्हणजे चाकाच्या मध्यापर्यंत, असेल तर गाडीच्या वजनाएवढी ओढ लागते. हबच्या वर, मडगार्डपर्यंत गेला तर दुप्पट. त्याच्याही वर गेला तर तिप्पट. चढावर असेल तर आणखी वेगळी. म्हणजे पावणेदोन टनांची गाडी मडगार्डपर्यंत बसली असेल तर साडेतीन टन ओढ पाहिजे, आणि वर बघितलं तसं कायनेटिक दोराने नीट मारलेला झटका अडीच टनांपर्यंत देतो. म्हणजे ती निघणारच नाही. जास्त वेगाने झटका मारला तर निघेल कदाचित, पण मग हुक आधी निघेल. आता फावडं घ्या आणि चिखल हबपर्यंत खाली आणा, मागणी निम्म्यावर आली. अर्ध्या तासाची खणाई ही तुमच्या सामानातली सगळ्यात ताकदवान वस्तू आहे, आणि ट्रिपला निघणाऱ्या गाड्यांत तीच सगळ्यात कमी दिसते.

खणायचं कुठे हेही महत्त्वाचं आहे. ज्या दिशेने काढणार त्या दिशेला चारही चाकांसमोर उतार करायचा. मग वाकून गाडीखाली बघायचं, डिफ (अ‍ॅक्सलच्या मधला गोळा) टेकलाय का, चॅसी मधल्या उंचवट्यावर बसलीये का, कारण पोट टेकलं असेल तर चाकं कितीही फिरवा, वजन चाकांवर नाहीचये. आणि शक्य असेल तर आलात तिकडेच मागे काढा, तिथली जमीन तुम्हाला माहितीये आणि तिथे चाकांनी वाट पाडलेली आहे. घडीचं छोटं फावडं हौसेपुरतं ठीक, लांब दांड्याचं खरं फावडं घ्या. आणि एक घमेलं असू द्या, पातळ चिखल फावड्यावर थांबत नाही, घमेल्यानेच उपसावा लागतो.

जमीन कोणती हे ओळखलं तर निम्मं काम होतं. देशावरची काळी माती पाणी प्यायली की फुगते, चाकाला चिकटून टायरच्या खाचा बुजवते आणि मग टायर गुळगुळीत होतो, तिथे जास्त रेस देऊन काहीच मिळत नाही, खाचा साफ करून परत हळू निघायचं. मावळ-मुळशीकडे भात खाचरात वरून चार बोटं पाणी आणि खाली गुडघाभर चिखल, तिथे मुळात जायचंच नाही, ते कोणाचंतरी शेत आहे. कोकणातल्या सड्यावर खाली जांभा कडक असतो, रुतायला कमी होतं पण खळग्यात पाणी भरलं की खोली दिसत नाही, काठी घालून बघितल्याशिवाय चाक घालू नका.

निघते आणि वीस फुटांवर परत रुतते

याला नव्वद टक्के वेळा टायरमधली हवा जबाबदार असते असं माझं मत आहे. रस्त्यावरच्या ३०-३५ पीएसआयवर टायर चिखलात सुरीसारखा जातो. चिखलात २०-२२, मऊ रेतीत १६-१८ पर्यंत उतरवलं की टायर लांबीला पसरतो आणि गाडी वर तरंगायला लागते. रुतल्यावर नाही, कच्च्यात शिरायच्या आधीच हवा काढायची. १५ च्या खाली साध्या रिमवर जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटतो. त्यामुळे प्रेशर गेज आणि कंप्रेसर या दोन गोष्टी दोराच्या आधी घ्या. कंप्रेसर थेट बॅटरीला चिमट्याने लागणारा घ्या, लायटर सॉकेटवाला छोटा मोठ्या टायरला फार वेळ घेतो, तापतो आणि कधी फ्यूजच उडवतो. आणि डांबरी लागल्यावर हवा भरल्याशिवाय हायवेला लागायचं नाही, कमी हवेवर वेगात टायर तापून फुटू शकतो.

ट्रॅक बोर्ड घेतले आणि ते वितळले किंवा मागे उडाले अशी तक्रार असते, तर त्यात बोर्डाचा दोष कमी असतो. चाकासमोर आधी खणून बोर्ड चाकाखाली घट्ट सरकवायचा, मग क्लच हळू सोडून चढवायची. चाक बोर्डावर घसरून फिरलं की दाते घासून जातात. मागे कोणी उभं राहायचं नाही. बोर्ड नसतील तर दगड, गोणपाट, वाळका पालापाचोळा चालतो, पायातले रबरी मॅट शेवटचा उपाय, तेही उडतात. चिखलात चाकं फिरायला लागताच ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनची ताकद कापतं, ते बटण बंद करायला विसरू नका.

विंच घेऊ का

हौशी ट्रिपसाठी माझं उत्तर नाही असं आहे. गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट क्षमतेचा विंच लागतो, आणि त्यावर लिहिलेली क्षमता फक्त ड्रमवरच्या पहिल्या थरावर मिळते, दोर जसा गुंडाळत जातो तशी ती कमी होते. तो पुढे बसवायला लोखंडी बंपर आला, आणि बुल बार केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदा ठरवलेत. नाकावर वजन वाढतं, बॅटरीवर भार येतो. आणि उघड्या पठारावर अडकवायला झाडच नसतं. एकटे जाणारे असाल तर हाताने ओढायचा विंच आणि एक रुंद पट्टा ठेवा, हळू चालतो पण चालतो. झाडाला वायर किंवा साखळी थेट बांधू नका, साल कापली की झाड मरतं. त्यासाठी क्रेनवाल्यांचा पॉलिस्टर वेबिंग स्लिंग मस्त, रंगावरून क्षमता कळते, पिवळा तीन टन, करडा चार, लाल पाच. पण तो ताणला जात नाही, झटक्याला वापरायचा नाही.

ओढताना माणसं कुठे उभी राहतात

आपल्याकडे गाडी रुतली की पाच मिनिटांत गर्दी जमते, पोरं दोराच्या बाजूलाच मोबाइल घेऊन उभी राहतात. आधी त्यांना हटवा, मग दोर ताणा. सगळ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं राहायचं आणि दोराच्या रेषेत तर कोणीच नाही, ना पुढे ना मागे. ताणलेला दोर ओलांडायचा नाही. दोराच्या मधोमध भिजवलेलं गोणपाट किंवा जड जॅकेट टाका, तुटलाच तर तो खाली पडतो. सूचना एकच माणूस देणार, बाकी सगळे गप्प. ढिला दोर दोन मीटरच्या वर ठेवायचा नाही, पहिला प्रयत्न अगदी हळू, आणि दोन-तीन प्रयत्नांत हलली नाही तर वेग वाढवायचा नाही, परत फावडं.

समुद्रकिनाऱ्याबद्दल दोनच वाक्यं. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणं गुन्हा आहे, कोकणातही पोलीस कारवाई करतात, आणि ओहोटीपासून पूर्ण भरतीपर्यंत तुमच्याकडे जेमतेम सहा तास असतात. ओल्या रेतीत प्रत्येक लाट चाकाखालची रेती काढून नेते, तिथे कुठलंच सामान पुरत नाही, म्हणून जाऊ नका.

आणि ट्रॅक्टर बोलवावाच लागला तर लाजू नका, पण त्याच्याकडची तारेची दोरी किंवा गंजलेली साखळी लावू देऊ नका, तुमचा शॅकल आणि न ताणणारा पट्टा द्या. ट्रॅक्टरला झटक्याची गरज नाही. दादांना सांगा की पट्टा आधी ताणून घ्या, मग लो गिअरमध्ये एका संथ ओढीत काढा. पट्टा ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ड्रॉबारलाच, म्हणजे ओढायच्या दांड्यालाच, लावायचा, वर कुठे लावला तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटू शकतो, आणि वर बसलेला माणूस आपल्या मदतीला आलेला असतो. गाडी बाहेर आली की मोकळ्या हाताने पैसे द्या, आणि शेताचा बांध तुमच्या चाकाने फुटला असेल तर फावडं हातात आहेच, निघायच्या आधी तो बुजवून द्या.